अब्बा आल्यावर

अष्टमी, रोहे
रविवार, १३ जुलै २०२५

फहादच्या अब्बांना,

अस्सलामु अलैकुम. तुमचा गुडघा आता नीट वाकत असेल आणि कॅम्पातली नवी मेस जुनीपेक्षा वाईट निघाली नसेल, अशी आशा करते. इकडे आम्ही तिघं बरे आहोत. फहादला या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे सकाळी लोळत पडतो. मी ओरडले की म्हणतो, "अम्मी, एकदा धाटावला येऊन माझी शिफ्ट कर, मग बोल." जीभ कोणावर गेली आहे ते मला माहीत आहे, तुम्ही सांगायची गरज नाही.

पाऊस आठवडाभर नुसता धरून आहे. मागच्या खोलीचा स्लॅब कोपऱ्यात पाझरतो, तिथे मी पातेलं लावून ठेवलं आहे. आलो की बघतो, असं म्हणू नका. फहादने गवंडी बघितला आहे, उघडीप मिळाली की तो येऊन करून जाईल.

पेणचे दिलावरभाई बुधवारी परत कुवेतला निघतायत. त्यांच्या बॅगेत तुमच्या नावाची जागा मी महिनाभर आधीच सांगून ठेवली होती. सुके बोंबील, थोडा कोलीम, घरचा मसाला आणि तांदळाच्या पापड्या पाठवते आहे. बोंबलाचा वास दुसऱ्यांच्या कपड्यांना लागेल म्हणून त्यांच्या बायकोने नाक मुरडलं, तेव्हा मी तिच्यासमोर तीन पिशव्यांत गच्च बांधून दिले. तुमच्या खोलीतल्या त्या केरळवाल्याला चाखायला द्या, पण मागच्या वेळसारखी अर्धी पिशवी त्याच्या हवाली करू नका. त्याच पिशवीत हे पत्र आहे.

रोज फोन होत असताना हिने कागद का काढला, असं तुमच्या मनात येईल. घाबरू नका, कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. फोनवर मला बोलता येत नाही, एवढंच. तुमच्या खोलीत माणसं, कोणी झोपलेलं, कोणी नमाज पढत असलेलं. तुम्ही हळू आवाजात "हां, बरं, ठीक" म्हणता आणि मी इकडून तांदूळ संपले, बिल भरलं, असलं काहीतरी सांगत राहते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आपण पत्रांत जेवढं भांडलो तेवढं नंतर कधी भांडलो नाही. मला ते भांडण बरं वाटायचं.

परवा तुम्ही सांगितलंत की नऊ ऑगस्टपासून सुट्टी मंजूर झाली. मी काही बोलले नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, "लाईन कट झाली काय?" लाईन कट झाली नव्हती. तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे.

ते काय, ते सांगायला मला जरा मागून यावं लागेल. तुम्हाला ठाऊक असलेलंच आधी सांगते. चिडू नका, वाचा.

आपल्या घरात सगळं तुमच्या सुट्टीत झालं. स्लॅब घातला तुमच्या सुट्टीत, फहादची सुन्नत तुमच्या सुट्टीत, तुमच्या बहिणीचा निकाह तुमच्या सुट्टीत. उमामाचे कान टोचायचे होते तेव्हा सोनार गल्लीत आला होता, तरी मी त्याला परत पाठवला, का तर तिचे अब्बा यायचेत. मोठी गोष्ट फोनवर ठरवायची नाही, माणूस घरी येऊन बसला की ठरवायची, ही आपल्या गल्लीतली रीतच आहे. ज्या ज्या घरचा माणूस बाहेर आहे, त्या त्या घरात हेच. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटायचं. तुम्ही तिकडे राबता, निदान घरातला शब्द तरी तुमचा असावा. तुम्ही नसताना पोरांनी काही मागितलं की माझ्या तोंडून आपसूक निघायचं, अब्बा आल्यावर. पोरं लहान असताना याच शब्दांवर झोपायची.

मग ते बारावीचं वर्ष आलं.

उमामाला शिकवायला होत्या त्या नमिता मॅडम तुम्हाला आठवत असतील, बायोलॉजीच्या. दिवाळीनंतर त्यांनी तिला बंगळूरकडच्या एका कॉलेजचं सांगितलं. चार वर्षांचं शिक्षण, प्राण्यांचं, खाडीचं, समुद्राचं. ही पोरगी पेणला माझ्या भाईकडे गेली की अंतोऱ्याच्या खाडीवर जाऊन बसायची आणि ओहोटीला चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे बघत राहायची. आपण ज्याचं सुकं करून भाकरीशी खातो, त्याच्यावर हिने शाळेत प्रकल्प लिहिला होता. तो प्रकल्प मॅडमनी जपून ठेवला होता. त्या म्हणाल्या, साबिराताई, हिला तिथे घेतील, पण अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत जायला हवा. पूर्ण फी माफीच्या जागा त्याच फेरीत भरून जातात. पुण्याचंही एक कॉलेज तशी फेरी घेत होतं. पण लवकर अर्ज करायचा तर कुठल्यातरी एकाच ठिकाणी करायचा आणि लिहून द्यायचं, की तुम्ही घेतलंत तर मी तुमच्याचकडे येईन, दुसरीकडे बघणार नाही. खाली पालकाची सही.

मॅडम समजावत होत्या आणि माझ्या डोक्यात एकच शब्द आला, मंगणी. एका घराला होकार दिला की दुसऱ्या घराकडे बघायचं नाही. आणि बाप घरी नसताना मुलीची मंगणी कोण करतं? मी मॅडमना तसं बोलले पण. त्या हसल्या, म्हणाल्या, "अहो, ही मुलगी द्यायची नाहीये, शिकायला पाठवायची आहे." मला ते काही वेगळं वाटलं नाही. मी म्हटलं, "पंधरवड्यात हिचे अब्बा येतायत, ते ठरवतील." त्या म्हणाल्या की तारीख कोणासाठी थांबत नाही. मी मनात म्हटलं, आमच्या घरात थांबते.

तरी उमामाने तुम्हाला फोनवर विचारलं होतं. ती उभी राहून बोलत होती, पाठ केल्यासारखं भराभर. मी शेजारी कोलंबी सोलत होते. तुम्ही म्हणालात, "बेटा, तुला बरं वाटेल ते कर. मी डिसेंबरात येतोच आहे, बसून बोलू."

तुम्ही दोन वाक्यं बोललात. आम्ही दोघींनी फक्त दुसरं ऐकलं. पहिलं वाक्य बापाची माया म्हणून सोडून दिलं, दुसरं हुकूम म्हणून धरलं. आता बघा, तुम्ही तरी ते कसं बोललात, आणि आम्ही तरी कसं ऐकलं. यात कोणाला धरायचं ते मला दोन वर्षांत कळलेलं नाही. कधी तुम्हाला धरते, कधी स्वतःला.

शेवटच्या दिवशी ती मोबाईल घेऊन आली. सगळं भरून झालं होतं, फक्त कॉलेजचं नाव आणि पालकाची सही बाकी होती. म्हणाली, "अम्मी, करू काय?" मी म्हटलं, "अब्बा आल्यावर." ती "बरं" म्हणाली आणि गेली. हट्ट केला नाही. लहानपणी चपलेसाठी भर बाजारात बसकण मारणारी पोरगी, पण त्या दिवशी हट्ट केला नाही. तिने जरा आदळआपट केली असती तर मी सही करून टाकली असती असं मला वाटतं. खरं काय ते अल्ला जाणे.

मग तुमच्या कंपनीचं शटडाऊनचं काम निघालं आणि सुट्टी पुढे गेली.

तुम्ही आलात ते फेब्रुवारीत. पाहुणे ओसरल्यावर, एका दुपारी जेवण झाल्यावर तुम्ही पाय वर घेऊन बसलात आणि तिला हाक मारलीत. "चल गो बाय, बस इकडं. सांग, कुठं भरायचा तुझा तो फॉर्म?" आणि पलंगाखाली लपवून ठेवलेला लॅपटॉपचा खोका ओढून बाहेर काढलात. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. शेवटी फहाद म्हणाला, "अब्बा, ती तारीख नोव्हेंबरातच गेली."

"गेली? मी बोललो होतो ना, बरं वाटेल ते कर म्हणून?"

मी खाली मान घातली. उमामा म्हणाली, "हां अब्बा, बोलला होतात. माझ्याच ध्यानात राह्यलं नाय." तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं, हे तुम्हाला खरं वाटलं का हो? ती पोरगी तुम्हाला आणि मला, दोघांना वाचवायला खोटं बोलली. तुम्ही खोका तिच्या हातात दिलात, पायांत चपला घातल्यात आणि नदीकडे निघून गेलात. मगरिबच्या नमाजानंतर आलात ते नेहमीसारखे. त्या दिवसापासून त्या कॉलेजचं नाव आपण दोघांनी घेतलं नाही.

तुम्ही पहिल्यापासून हो म्हणणार होतात. हे मला त्या दुपारी कळलं, आणि नुसतं कळून काय उपयोग.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. उमामाने दुसऱ्या फेरीत त्याच कॉलेजात अर्ज केला, थांबलेल्यांच्या यादीत नाव आलं आणि तिथेच राहिलं. जूनमध्ये रोह्याच्याच कॉलेजात नाव घातलं. कॉलेज वाईट आहे असं मी म्हणत नाही, तिथले सर चांगले आहेत. तुम्ही फोनवर विचारायचात, उमामा कशी आहे, आणि मी सांगायचे, मजेत आहे, अभ्यास करते. अभ्यास करत होती हे खरं. मजेत होती हे खोटं. ती भांडायची बंद झाली. मी चहात साखर विसरले तरी गपचूप प्यायची. पेणला चल म्हटलं तर नको म्हणायची. उलट उत्तर न देणारी उमामा म्हणजे मला अंगात ताप असल्यासारखीच वाटायची.

वरसे गावची ती किमया, हिच्याच वर्गातली, तिने त्या नोव्हेंबरात पुण्याला अर्ज केला होता आणि तिला मिळालं. तिचा बाप रोज संध्याकाळी घरी येतो. जेवताना विचारलं, जेवताना ठरलं. गेल्या दिवाळीत ती आपल्याकडे आली होती. हॉस्टेलच्या गमती सांगत होती, उमामा हसत होती, तिला शीरखुर्मा हवा म्हणून मी बिनईदीचा केला. किमया गेल्यावर उमामाने तिची वाटी धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि मला म्हणाली, "अम्मी, ती किती मोठी झाली गो." तिच्याहून चार महिन्यांनी लहान आहे किमया. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तुम्हाला आठवतं, त्यानंतर मी पेणला गेले होते? भाईच्या सुनेला बरं नाही म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. भाईची सून ठणठणीत होती. मी नमिता मॅडमकडे गेले होते. त्यांची आता पेणला बदली झाली आहे. वडखळच्या अलीकडे, डोलवीच्या कंपनीच्या ट्रकांमध्ये एसटी अडकून पडली होती, तेव्हा मनात शंभरदा आलं की उतरावं आणि परत फिरावं. मॅडमना विचारलं, वर्ष वाया गेलेल्या मुलीला परत अर्ज करता येतो का. म्हणाल्या, एकदाच येतो. यंदा केला तर केला, पुढच्या वर्षी नाही.

झालं. मी पत्राच्या मूळ गोष्टीशी आले. पातेलं भरलं आहे, ते ओतून येते.

आले.

पुढच्या रविवारी मी उमामाला घेऊन पेणला गेले. मॅडमकडे जायच्या आधी तिला खाडीवर घेऊन गेले, मुद्दाम. ओहोटी होती. मी विचारलं, "बोल, कुठं भरायचा?"

ती म्हणाली, "पुण्याला. जवळ पडंल. अब्बांना पण बरं वाटंल."

"अब्बांना काय वाटंल ते मी इचारलं नाय. तुला काय वाटतंय?"

तिने पर्समधून फोन काढला. "अब्बांना इचारू या ना, अम्मी. आत्ता लावते."

मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

ती माझ्याकडे बघत राहिली. "आता म्हणशील, अब्बा आल्यावर."

"नाय म्हणणार," मी म्हटलं. "अब्बा आल्यावर त्यांना सांगू. इचारायचं नाय."

मग ती म्हणाली, "बंगळूर." अगदी हळू म्हणाली, कोणी ऐकेल म्हणून. तिथे ऐकायला कोणी नव्हतं. मॅडमच्या घरी जाऊन अर्ज भरला. पालकाच्या जागी मी सही केली. आजवर त्या जागेवर माझी सही कधी नव्हती. शाळेच्या प्रगतीपुस्तकावरसुद्धा तुमच्या सुट्टीपर्यंत जागा कोरी ठेवायचे आणि मास्तर मला बोल लावायचे. नवरा जिवंत असताना त्याच्या जागेवर सही करते आहे, असं मनात येऊन भलतंच वाटलं.

फेब्रुवारीत तिला मिळालं. पूर्ण फी माफ.

तुम्हाला आता राग आला असेल. येऊ दे. फेब्रुवारीत मिळालं आणि आज जुलै आहे. रमजान गेला, ईद गेली, बकरी ईद गेली, रोज फोन झाला आणि मी तुम्हाला तांदळाचे भाव सांगत राहिले. उमामा रोज विचारायची, अम्मी सांगितलंस? मी म्हणायचे, सांगते. तिला म्हटलं, तू सांगायचं नाहीस, मी सांगणार. तिने ऐकलं. याही वेळी तिने ऐकलं, आणि त्याचं मला जास्त लागतं.

का नाही सांगितलं? मी स्वतःला खूप विचारलं. एक उत्तर असं, की मला भीती होती. तुम्ही नाही म्हणाल याची नाही. तुम्ही "बसून बोलू" म्हणाल याची. तुम्ही तेवढं म्हणाला असतात तर मी परत थांबले असते. तुमचा शब्द ओलांडायची मला सवय नाही, कधी शिकलेच नाही. म्हणून तुम्हाला तो शब्द बोलायची वेळच येऊ दिली नाही. हे उत्तर मी तुम्हाला फोनवर पण देऊ शकले असते. दुसरं नसतं देता आलं. दुसरं असं, की पोरीसाठी एक चांगली गोष्ट फक्त माझ्या हातून झाली होती, आणि ती काही दिवस माझ्याकडेच राहावी असं मला वाटलं. मग त्या दिवसांचे महिने झाले. महिने झाल्यावर सांगणं आणखी अवघड झालं. तुमच्यावर अन्याय झाला. तुम्ही इतकी वर्षं तिकडे एकटे, घरातला एवढा मोठा आनंद सगळ्या गल्लीआधी तुमचा होता, आणि तो मी तुमच्यापासून लांब ठेवला. याचं मला वाईट वाटतं. सही केल्याचं वाटत नाही.

फहादला मी मे महिन्यात सांगितलं. मला वाटलं तो ओरडेल, अब्बांना न सांगता कसं केलंस म्हणून. तो म्हणाला, "माझ्या डिप्लोमाच्या टायमाला अब्बा घरी होते, अम्मी. तेव्हा पण मला कुणी इचारलं नव्हतं." एवढंच बोलून गाडी काढून धाटावला गेला. हे तुम्हाला लिहावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. लिहिलं. तो तुम्हाला कधी सांगणार नाही आणि मी सांगितलं असंही त्याला कळू देऊ नका. पण आलात की त्याला कधीतरी बाहेर फिरायला घेऊन जा.

आता तारीख. सत्तावीस जुलैला उमामा निघते. फहाद शिफ्ट बदलून तिला सोडायला जातो आहे. कॉलेज एक ऑगस्टला सुरू होतं, त्यात पुढेमागे होत नाही, मॅडमनी विचारून बघितलं. तुमची सुट्टी नऊपासून. परवा फोनवर माझा आवाज गेला तो यासाठी. तुम्ही याल तेव्हा दारात मी असेन, फहाद असेल, गल्लीतली सगळी असतील. ती नसेल. तिच्या जन्मापासून तुमची एकही सुट्टी तिच्याशिवाय गेली नाही. तुमच्या सगळ्या सुट्ट्या एकीला एक जोडल्या तरी दोन वर्षं भरत नाहीत, तेवढीच मुलगी तुमच्या वाट्याला आली. आणि आता त्यातलाही एक महिना गेला. मी फेब्रुवारीत सांगितलं असतं, तर तुम्ही कदाचित मॅनेजरच्या पाया पडून सुट्टी जुलैत घेतली असती. घेतलीच असती तुम्ही. हे मला सुट्टीची तारीख ऐकली तेव्हा कळलं, त्याआधी डोक्यातच आलं नाही. पहिल्या वेळी तुमच्यासाठी थांबून तिचं नुकसान केलं. या वेळी न थांबता तुमचं केलं. मला मधला रस्ता सापडला नाही, आणि मी तो नीट शोधलाही नाही.

तिची बॅग मी अजून भरायला घेतलेली नाही. ती रोज कपाट उघडते, दोन कपडे काढते, परत ठेवते. काल मी विचारलं, "काय झालं गो?" तर म्हणाली, "अब्बा नाय म्हणाले तर?" मी म्हटलं, "तर मी हाय." ती म्हणाली, "तू हायेस ते माहीत हाय मला." आणि पुन्हा कपाट लावून घेतलं. माझं असणं तिला पुरत नाही, हे मी ओळखलं. मला वाईट नाही वाटलं. थोडं वाटलं.

दिलावरभाई गुरुवारी तुम्हाला सामान देतील. शुक्रवारी तुम्हाला सुट्टी. माझ्यावर जेवढं ओरडायचं तेवढं ओरडा, मी फोन ठेवणार नाही, लाईन कट झाल्याचं नाटक करणार नाही. पण आधी तिला फोन लावा. खोलीतून बाहेर येऊन लावा, आवाज मोठा ठेवा. माझं नाव काढू नका. "बरं" म्हणू नका, "बसून बोलू" म्हणू नका, आणि "तुला बरं वाटेल ते कर" तर मुळीच म्हणू नका, ते तिने केलेलं आहे. घरातून निघणाऱ्याला आपल्यात जा म्हणत नाहीत, ये म्हणतात, ते मला कळतं. तरी तुम्ही तिला जा म्हणा. तुमच्या तोंडून तेवढं ऐकायला ती दोन वर्षं थांबली आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी सत्तावीसला ती जाईल, कारण मी तिला पाठवणार आहे. पण मग ती माझ्या सांगण्यावरून गेलेली असेल, आणि चार वर्षं तिकडे तिला तेच टोचत राहील.

तुम्हाला न विचारता, तरीही तुमचीच,
साबिरा